गालिच्यावरची हळद पावडरीने घासली आणि डाग लाल झाला, आता काय करावं?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी मुलीची हळद झाली. हॉलमध्ये मोतिया रंगाचा लोकरीचा गालिचा अंथरलेला होता, त्यावर ओल्या हळदीची वाटी कलंडली. पाहुण्यांच्या गडबडीत कुणीतरी धुण्याच्या पावडरीचं पाणी करून ब्रशने खसाखसा घासलं आणि पिवळा डाग विटकरी लाल झाला. त्याच गालिच्यावर चहाचा एक जुना डाग आहे. तो पुसला की जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतो. आता एक जण ब्लीच लावा म्हणतोय, दुसरा संडासचं ॲसिड पातळ करून लावा म्हणतोय. गालिचा वाचेल का, घरी कुठपर्यंत करावं आणि धुणाऱ्याला कधी बोलवावं, असं त्यांनी विचारलंय.

गालिचा वाचेल. लाल झालेली हळद परत पिवळी करता येते आणि पिवळी हळद काढता येते. चहाचाही बंदोबस्त होतो. ब्लीच आणि ॲसिड मात्र हातातसुद्धा घेऊ नका, का ते पुढे सांगतो. उत्तर जरा लांबणार आहे, कारण नुसती कृती लिहून दिली तर उद्या हळदीच्या जागी सरबत सांडल्यावर तुम्ही तीच कृती कराल आणि तो डाग जन्माचा बसेल.

मी आधी सुताच्या डाईंगमध्ये होतो, तिथून गालिचे धुण्याच्या धंद्यात आलो. चादरी-टॉवेलचं सुती सूत रंगवताना रंग पक्का बसावा म्हणून सोडा घालतात. लोकर, रेशीम आणि नायलॉनवर रंग पक्का करायचा तर आम्ल आणि उष्णता द्यावी लागते. गालिच्यावर काही रंगीत सांडलं की तिथे छोटीशी रंगाईच सुरू होते. त्यावर आपण जे घरगुती औषध ओततो ते सोड्याच्या जातीचं तरी असतं नाहीतर आम्लाच्या तरी. म्हणूनच एका डागाला जे सोडवतं तेच दुसऱ्याला पक्कं करून टाकतं. धागा कशाचा आणि डाग कशाचा, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत कोरड्या फडक्याने टिपून घेण्यापलीकडे काहीही करायचं नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

तर आधी धागा. दुकानदाराने लोकर सांगितली म्हणून ती लोकर असेलच असं नाही. गालिच्याच्या कोपऱ्यातून, कोणाला दिसणार नाही अशा जागेवरून लवेचे, म्हणजे वरच्या उभ्या तंतूंचे, दोन-तीन धागे कात्रीने घ्या. दशांचा धागा घेऊ नका, लोकरीच्या गालिच्यालाही दशा बहुतेकदा सुती असतात. धागे चिमट्यात धरून, मोरीत उभं राहून, काडीने पेटवा. केस जळल्यासारखा वास आला, काडी बाजूला घेताच ज्योत विझली आणि मागे उरलेली काळी गाठ बोटांत चुरली, तर लोकर. कागदासारखा भरभर जळला आणि मऊ राखाडी राख पडली, तर सूत, ताग किंवा व्हिस्कोस. वितळून टणक मणी झाला, तर पॉलिस्टर, नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. यातलं पॉलिप्रॉपिलीन ओळखायची एक सोपी खूण म्हणजे त्याचा धागा पाण्यात दाबून सोडला तरी वर तरंगतो. मंगल कार्यालयांत अंथरतात ती स्वस्त कार्पेटं बरीचशी याचीच असतात. त्यांच्यावर रंगाचे डाग सहसा बसत नाहीत, पण तेल मात्र धरून ठेवतात.

यात एक धोक्याचा धागा आहे, व्हिस्कोस. बांबू सिल्क, आर्ट सिल्क अशा नावांनी तो विकला जातो, दिसायला रेशमासारखा झगझगीत. ओला झाला की त्याची ताकद घटते, लव आडवी पडते आणि नुसत्या पाण्याचासुद्धा पिवळट डाग उरतो. तुमचा गालिचा तसा निघाला तर माझं पुढचं काही करू नका, कोरड्या टॉवेलने टिपा आणि थांबा.

लोकर आहे असं धरून आता हळदीकडे येऊ. हळदीतला कर्क्युमिन हा रंग आम्लात पिवळा राहतो आणि सोड्याच्या पाण्यात लाल-तपकिरी होतो. धुण्याच्या पावडरीत सोडा असतोच. लाल रंग हा नवा डाग नाही, तीच हळद आहे आणि तिच्या शेजारी पावडर अजून बसलेली आहे. ती पावडर लोकरीला दुसऱ्याही अर्थाने वाईट. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. सोडा, गरम पाणी आणि घासणं तिन्ही एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि लव गोळा होऊन कडक होते. डागाच्या जागी हात फिरवून बघा, तिथे लव खरखरीत लागत असेल तर ते घासण्याचं नुकसान आहे, डागाचं नाही. म्हणून ब्रश आता कायमचा बाजूला. इथून पुढे फक्त दाबायचं आणि टिपायचं.

टिपायला पांढरा टर्किश टॉवेल घ्या. आपल्या सोलापुरात यासाठी वेगळं काही विकत आणायची गरज नाही. इथल्या टेरी टॉवेलचे फासे पाणी छान ओढून घेतात, असं मी अनुभवाने सांगतो. टॉवेल पांढराच हवा, रंगीत टॉवेलचा रंग उतरून गालिच्याला लागतो. आणि तो दोनदा तरी धुतलेला हवा. कोऱ्या टॉवेलवर मऊपणासाठी लावलेलं फिनिश असतं, त्याने पाणी नीट शोषलं जात नाही.

आधी साधं गार पाणी चमच्याने डागावर घाला, थोडंच, आणि टॉवेलची घडी ठेवून तळहाताने वजन देऊन दाबा. फेस येणं थांबेपर्यंत हेच करा, म्हणजे पावडर निघाली. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी असं मिश्रण करा. ते कोपऱ्यात लावून पांढरं फडकं मिनिटभर दाबून बघा. गालिच्याचा रंग फडक्यावर उतरला तर इथेच थांबा. उतरला नाही तर डागावर लावा. लाल रंग बघता बघता पिवळा पडताना दिसेल. पाच मिनिटांनी टिपून घ्या.

पिवळा आला म्हणजे अर्धं काम झालं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटात विरघळतो. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, त्यालाच मी पुढे स्पिरिट म्हणतो. रंगीत किंवा सुगंधी सॅनिटायझर चालणार नाही. गॅस, उदबत्ती, निरांजन विझवा, खिडक्या उघडा. स्पिरिट गालिच्यावर ओतायचं नाही, टॉवेलचं टोक त्याने ओलं करायचं आणि डागाच्या कडेकडून मधे येत दाबायचं. मधून बाहेर गेलात तर डाग पसरतो. प्रत्येक दाबाला टॉवेलवर पिवळा ठसा उमटेल, लगेच टॉवेलची कोरी बाजू घ्या. गालिच्याची पाठ उलटून बघितली आणि तिथे कापड चिकटवलेलं असेल तर स्पिरिट आणखी जपून वापरा. ते चिकटवायला लॅटेक्स वापरतात आणि स्पिरिटासारखी द्रावकं खाली झिरपली तर तो थर सुटतो. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याला ही भीती नाही, त्याच्या पाठीवर पुढचीच नक्षी स्पष्ट दिसते.

टॉवेलवर पिवळं उमटेनासं झालं की लोकरीच्या कपड्यांचं द्रव, ईझीसारखं, लिटरभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा, एवढंच घेऊन टिपा आणि मग साध्या पाण्याने दोनदा टिपा. तरीही पिवळसर छटा राहील. तिथे सोलापूरचं ऊन कामी येतं. हळदीचा रंग उजेडात उडतो, आणि या बाबतीत आपल्या उन्हाइतकं भरवशाचं औषध मला माहीत नाही. गालिचा गच्चीवर न्या, जुन्या चादरीने पूर्ण झाका आणि डागापुरती जागा उघडी ठेवा. पुठ्ठ्याला डागाच्या आकाराचं भोक पाडून वर ठेवलं तर उत्तम. सकाळचं ऊन द्या, साधारण आठ ते अकरा. दोन-तीन दिवसांत छटा विरते. संपूर्ण गालिचा उघडा टाकला तर हळदीबरोबर गालिच्याचाही रंग विटेल आणि मग डागाच्या जागी उलट गडद ठिपका राहिल्यासारखा दिसेल.

इतकं करूनही काही उरलं तर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळतं ते सहसा सहा टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घालून तीन टक्क्यांचं करा. ड्रॉपरने डागापुरते थेंब, अर्धा तास, मग पाण्याने टिपणं. मोतिया गालिच्याला चालेल, गडद किंवा बहुरंगी गालिच्याला रंग उडण्याची भीती आहे. पातळ केलेलं उरलं तर ओतून द्या, कशात मिसळून बंद बाटलीत भरून ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटते.

आता कुंकू, कारण हळदीच्या शेजारी ते असतंच. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना लावून केलेलं, म्हणजे रसायनाने तीच लाल झालेली हळद. ते व्हिनेगरने पिवळं पडतं आणि वरच्याच वाटेने निघतं. बाजारातलं बरंचसं कुंकू मात्र कृत्रिम रंगाचं असतं, आणि लग्नातलं लाल सरबतही तसंच. खाण्याचे कृत्रिम रंग हे लोकर आणि नायलॉन रंगवणाऱ्या रंगांच्याच जातीचे आहेत. त्यांना आम्ल आणि उष्णता मिळाली की ते धाग्यात घट्ट बसतात. म्हणजे हळदीला तारणारं व्हिनेगर सरबताच्या डागाला पक्का करतं, आणि गरम पाणी तर त्याहून. सरबत सांडलं की फक्त गार पाणी आणि टॉवेल, जितक्या लवकर तितकं बरं. वाळलेल्या सरबताला पाण्यात अगदी थोडा अमोनिया लागतो, आणि पुढे गेलंच तर रंग तोडणारं रसायन. डाईंगमध्ये ज्याला हायड्रो म्हणतात ते याच कामाचं आहे. पण ते सरबताचा रंग तोडताना गालिच्याचाही तोडू शकतं, म्हणून ते काम जाणत्या माणसाकडेच द्या. कुंकू कोणत्या जातीचं हे कळायला चिमूटभर कुंकू बशीत घेऊन त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. पिवळं पडलं तर हळदीचं, लालच राहिलं तर कृत्रिम.

कुंकू, भंडारा, गुलाल हे कोरडे सांडलेले असतात तेव्हा त्यांना पाण्याचा थेंबही लावायचा नाही. बाळे इथल्या खंडोबाच्या देवळातून आल्यावर कपड्यांतून भंडारा झडतो, मिरवणुकीहून आलेल्या पोरांच्या अंगावरून गुलाल झडतो, आणि घरातलं माणूस ओलं फडकं घेऊन धावतं. कोरडी भुकटी व्हॅक्यूमने पूर्ण निघते. नळीला ब्रश न लावता, नुसतं तोंड वर धरून ओढायची. ओलं फडकं लावलं की तीच भुकटी रंगाचं पाणी होऊन लवेच्या बुडाशी जाते.

आपल्या काळ्या मातीचंही हेच. शेतातून आलेल्या चपलांचा चिखल गालिच्यावर पडला तर लगेच पुसू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते, पुसलं की धाग्याभोवती लेप बसतो. तिला वाळू द्या. आपल्याकडे चार-सहा तासांत ती वाळते आणि आकसून भेगाळते. मग चमच्याच्या पाठीने हलकेच फोडा, व्हॅक्यूम करा, राहिलेल्या डागाला तेवढं ईझीचं पाणी. डागाला हात लावायची घाई करू नये असा हा एकच प्रकार मला माहीत आहे.

चहाचा डाग परत का येतो, हा तुमचा दुसरा प्रश्न. वर पुसलं तेव्हा लवेचं टोक स्वच्छ झालं, पण चहा खाली पायापर्यंत गेलेला होता. गालिचा वाळताना ओलावा खालून वर चढतो आणि विरघळलेला चहा बरोबर आणतो. पाणी टोकाशी उडून जातं, तपकिरी रंग टोकावर राहतो. आपल्या कोरड्या हवेत वरचा थर फार झपाट्याने वाळतो, म्हणून हे चढणं जास्तच जोरात होतं. उपाय असा: आपला चहा दुधाचा, म्हणून आधी ईझीच्या कोमट पाण्याने दूध-साय काढा. उकळतं पाणी नको, त्याने दुधातलं प्रथिन आवळून बसतं. मग व्हिनेगरच्या पाण्याने चहाचा तपकिरी रंग टिपा. साबणाची वडी चहाला कधीच लावायची नाही, वडीच्या साबणाने तो रंग धरून बसतो. शेवटी साध्या पाण्याने जागा जरा जास्त ओली करा, टॉवेलच्या चार पदरी घडीने झाका, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं. रात्रभर तसंच ठेवा. ओलावा वर चढतो तो टॉवेलमध्ये जातो आणि सकाळी तपकिरी वलय टॉवेलवर दिसतं, गालिच्यावर नाही. एका रात्रीत पूर्ण गेलं नाही तर दुसऱ्या रात्री कोरडा टॉवेल घेऊन परत.

शेंगाचटणी हा आपल्याकडचा खास डाग आहे आणि तो दोन डागांचा मिळून बनतो, शेंगदाण्याचं तेल आणि तिखटाचा लाल रंग. तिखटाचा रंग तेलात विरघळलेला असतो, म्हणून तेल निघालं की बराचसा रंग त्याच्याबरोबर निघतो. चटणी चमच्याने उचलून घ्या, दाबू नका. जागेवर कॉर्नफ्लॉवर किंवा साधी टाल्कम पावडर जाडसर टाका, काही तास ठेवा, व्हॅक्यूम करा, पुन्हा टाका. पावडर तेलकट होऊन पिवळी पडणं थांबलं की स्पिरिटाने टिपा, मग ईझीचं पाणी. आधी पाणी लावलंत तर तेल खाली उतरतं. रॉकेलने पुसायचा सल्ला फार जण देतात, पण रॉकेलमधलं न उडणारं तेल मागे राहतं, वास जात नाही आणि त्यावर धूळ बसून महिन्याभरात काळा पट्टा दिसतो.

बाकीचे थोडक्यात. रक्त, दूध, अंडं यांना गार पाणी, गरम कधीच नाही. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट. बीटाडीनच्या तपकिरी डागाला सोडियम थायोसल्फेट, फोटो धुण्याच्या काळातला हायपो. तो पाण्यात विरघळवून लावला की आयोडीनचा रंग डोळ्यांसमोर जातो. च्युइंगगमला प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून ठेवा, टणक झाला की फोडा. पानाच्या डागात कात आणि चुना दोन्ही असतात, आधी व्हिनेगर, मग पेरॉक्साइड. लोखंडी कपाटाच्या पायाचा गंज ऑक्झॅलिक आम्लाने जातो, पण ते विषारी आहे, लहान मुलांच्या घरात ठेवू नये. लहान मुलाचं किंवा कुत्र्या-मांजराचं मूत्र ताजं असताना टिपून गार पाण्याने काढा. जुनं झालं की त्यातून अमोनिया सुटतो आणि लोकरीचा रंगच बदलतो. वासाला एन्झाइमचं द्रावण लागतं आणि ते डागाइतकंच खोलवर पोचलं पाहिजे, वरून फवारून उपयोग नाही.

मेंदी मात्र मी कबूल करत नाही. मेंदीचा रंग प्रथिनाला बांधला जातो, त्वचेला आणि केसाला जसा, तसाच लोकरीला आणि रेशमाला. वाळण्याआधी उचलली तर ठीक, एक रात्र गेली तर ती लोकर रंगवलीच गेली. ब्लीचने उडालेला रंगही असाच, तिथे काढायला डाग नसतो, धाग्यातला रंगच गेलेला असतो. तिथे रंग परत भरावा लागतो. केसांच्या डायचं मेंदीसारखंच. असे डाग हमखास काढून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

आता ब्लीच आणि ॲसिडचं. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ते लोकर आणि रेशीम अक्षरशः विरघळवतं. पटत नसेल तर कापून घेतलेला लोकरीचा धागा काचेच्या ग्लासात थोड्या ब्लीचमध्ये सोडा आणि रात्रभर बघू नका. आधी तो पिवळा पडतो, मग बुळबुळीत होतो, आणि सकाळी काडीने उचलायला गेलात तर हाती काही लागत नाही. तेच तुमच्या गालिच्याच्या लवेचं होईल. संडासच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. लोकर ते थोडा वेळ सोसेल, पण तिच्या पोटातलं सुती ताण्याचं सूत कुजेल. गालिचा महिनाभर बरा दिसेल आणि एके दिवशी उचलताना तिथून फाटेल. आणि हे दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जिवावर बेततो. ब्लीच आणि व्हिनेगरचंही तसंच. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचे व्हिडिओ फिरतात त्यात जिवाला धोका नाही, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते खारट पाणी.

डाग गेल्यावर पूर्ण गालिचा एकदा धुऊन घ्यावा असं मी सुचवीन, कारण डागाची जागा आता बाकीच्यापेक्षा उजळ दिसेल. हे काम यंत्राचं आहे, पण ते कसं होतं हे तुम्हाला माहीत असावं. गालिच्यातली बहुतेक घाण ही कोरडी माती असते, लवेच्या मुळाशी बसलेली. तिचे धारदार कण चालताना धागा बुडापासून कापतात. म्हणून आधी गालिचा उलटा करून पाठीवरून व्हॅक्यूम, मग सुलटा करून. हाताने विणलेला असेल तर कठड्यावर उलटा टाकून वेताने पाठीवर हलकं झोडपलं तरी चालतं. खालच्या शहाबादी फरशीवर किती माती पडते ते बघून पुष्कळांना धक्का बसतो. चिकटवलेल्या पाठीच्या गालिच्याला झोडपायचं नाही. हा कोरडा भाग उरकायची घाई करणारा धुणारा मातीचा चिखल करून तो आत मुरवतो.

त्यानंतर सौम्य द्रावण फवारून दहा मिनिटं मुरू द्यायचं, वाळू द्यायचं नाही, मऊ ब्रशने लवेच्या दिशेने फिरवायचं आणि मग एक्स्ट्रॅक्शन यंत्राने पाणी सोडत सोडत ओढून घ्यायचं. लोकरीला पाणी कोमटच. यात खरं काम ओढण्याचं असतं. पाणी सोडत एक फेरा मारला की पाणी बंद करून कोरडे दोन-तीन फेरे मारायचे आणि यंत्राच्या टाकीत येणारं पाणी बघायचं. ते निवळ येईपर्यंत थांबायचं नाही. धुतल्यावर गालिचा पूर्वीपेक्षा लवकर मळतो, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे लोक येतात. त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, आत राहिलेला साबण. तो चिकट असतो आणि येणारीजाणारी प्रत्येक धूळ धरून ठेवतो. शॅम्पू जास्त म्हणजे स्वच्छ जास्त, असं या कामात अजिबात नाही.

त्यातून आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. साबण फेसाळत नाही म्हणून माणूस आणखी साबण घालतो, आणि जड पाण्यातल्या क्षारांशी मिळून त्याची राखट साय लवेवर बसते. हात फिरवला की गालिचा कडक लागतो. मी शेवटच्या पाण्यासाठी नळाचं साठवलेलं पाणी वापरतो आणि त्यात बादलीला अर्धी वाटी व्हिनेगर घालतो. नळाला पाणी रोज येत नाही, हे खरं. म्हणून धुण्याचा दिवस पाणी येण्याच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी धरतो. सगळं धुणं बोअरवर झालं तरी चालेल, शेवटचं खंगाळणं बोअरवर नको. व्हिनेगरने पावडरीचा उरलेला सोडाही मारला जातो, लोकर मऊ होते आणि दशा तपकिरी पडत नाहीत. रंगीत गालिच्यावर आधी कोपरा तपासायचाच.

वाळवणं ही आपल्याकडे सोपी गोष्ट, पण तिथेही दोन चुका होतात. एक म्हणजे ओला गालिचा शहाबादी फरशीवर पसरून ठेवणं. वरून वाळतो, खाली ओल कोंडते, कुबट वास धरतो आणि दगडाचा डाग पाठीला लागतो. तो प्लास्टिकच्या खुर्च्यांवर किंवा लाकडी बाजेवर उचलून ठेवा, खालून हवा खेळू द्या. लोखंडी कॉट नको, गंजाचा डाग लागतो. दुसरी चूक म्हणजे मे महिन्यातलं दुपारचं ऊन. त्या उन्हात लॅटेक्सची पाठ ठिसूळ होते आणि पुढे तिची भुकटी गळू लागते. सावली आणि पंखा पुरतो. ऊन द्यायचंच तर सकाळचं, आणि पाठ वर करून. सप्टेंबरात पाऊस लागला की गालिचा धुवायला काढू नका. दोन दिवसांत वाळला नाही तर बुरशी धरते आणि तो वास काढणं डाग काढण्याहून अवघड आहे. थंडी सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे काम सगळ्यात छान होतं.

धुणाऱ्याला बोलवायचं ते हळद पिवळी करून स्पिरिटाने टिपून झाल्यावर. फोनवर त्याला विचारा, की लोकरीला काय वापरता. पावडर, ब्लीच किंवा नुसता शॅम्पू असं उत्तर आलं तर दुसरा बघा. धागा कोणता हे तो स्वतः तपासतो का, रंग उतरतो का हे कोपऱ्यात बघतो का, आणि ओढून घ्यायचं यंत्र आहे की नुसता फिरता ब्रश, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. पावडर लावून घासलंय हे त्याला आधीच सांगा, लपवू नका, त्यावर त्याचं पहिलं पाऊल ठरतं. चौरस फुटाला दर ठरवताना वाळवून देणं त्यात धरलंय का ते विचारून घ्या. गालिचा परत आला की पैसे देण्याआधी तो उलटा करा आणि पाठीच्या मधोमध तळहात दाबून धरा. कडा कोरड्या असल्या तरी मधे गार लागलं तर आत अजून ओल आहे. तसा अंथरून घेऊ नका, आणखी एक दिवस वाळवायला परत पाठवा.